दगड उलटून बघ

आईस, तुझ्या धाकटीचा नमस्कार.

मी ठीक आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं आणि घरमालकीण तुझ्याइतकीच बोलते, त्यामुळे करमतं.

नदीतले किडे मोजणं हे कसलं काम, असं तू विचारलंस. अगं, मी नुसते मोजत नाही. कोण श्वास कसा घेतो, काय खातो, तेही लिहिते. त्यावरूनच कुठल्या पाण्यात कोण टिकणार ते ठरतं. मागच्या वर्षी दगडांखाली कल्ल्यांनी पाण्यातली हवा घेणारे किडे भरपूर होते. या महिन्यात एकही सापडला नाही. उरलेत ते शेपटीची नळी वर काढून बाहेरची हवा ओढणारे. साहेब म्हणाले, "संख्या तर वाढलीय, मग घाबरता कशाला?" मी मान डोलावली. पण ज्यांचा जीव पाण्यावरच होता, ते सगळे गेले, हे काही डोक्यातून जात नाही.

आमच्या नळाला हीच नदी येते. मी प्यायचं पाणी लांबून आणते, तेव्हा तू काळजी करू नकोस.

बाबांचा खोकला थांबला का?

आपल्या ओढ्यावर धुताना कपड्यांना चिकटणाऱ्या तीन शेपट्यांच्या किड्यांना तू किती शिव्या द्यायचीस. ते कल्लेवालेच. उद्या तिथला एक दगड उलटून बघ. दिसले तर माझ्याही वाटच्या दोन शिव्या घाल. नाही दिसले, तर बाबांना ते पाणी देऊ नकोस. आधी मला फोन कर.

फोन उशाशीच ठेवलाय.

तुझी,
धाकटी