एक ते दोनची सुट्टी

१४ मार्च, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. वहिनी, मध्ये थांबू नकोस आणि काही गाळू नकोस. तो चिडला तरी वाचत राहा.

घरी ठीक. आईचा गुडघा बरा आहे. तिला एवढंच सांगितलंय, की तुझ्या कारखान्यात गॅस सुटला, तो डोळ्यांत गेला आणि पट्टी निघाली की दिसेल. त्या गॅसने गेलेल्या तुझ्या क्रेनवाल्याच्या घरी मी गेले होते. त्याच्या बायकोने दार उघडलं नाही. माझ्या ड्रायव्हरच्या जबड्यातल्या तारा काढल्या, आता घास चावू शकतो. तुझ्या हमालांनी त्याला बर्फाची लादी ओढायच्या आकड्याने मारलं होतं, हे मी उगाच उकरत नाही. त्याआधी माझ्या माणसांनी तुझ्या गाडीतल्या बर्फावर रॉकेल ओतलं होतं, तेही मला माहीत आहे.

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. 'एक वाजताची वेळ त्यांना कुणी सांगितली?' अक्षर वहिनीचं, आवाज तुझा.

सांगते. एका दमात जमणार नाही.

बाबा गेले तेव्हा धक्क्यावर बर्फाचे तीनच कारखाने होते. आपला, जाड्याचा आणि मास्तरांचा. तिघांचा दर एक. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडलेलाही नव्हता. मासळी थांबत नाही, त्यामुळे बोटवाल्याला तिघांपैकी कुणाच्या तरी दारात यावंच लागायचं. तुला ते कधी पटलं नाही. "ताई, हा धंदा नव्हे, वाटमारी आहे," म्हणालास, वाटणी घेतलीस आणि मागच्या गल्लीत चौथा कारखाना घातलास. दर पाव हिश्श्याने उतरवलास. दोन महिन्यांत निम्म्या बोटी तुझ्याकडे.

मग आम्ही तिघं माझ्या ऑफिसात बसलो. जाड्या म्हणाला, "पोराला दम किती असणार? आपण खर्चाच्याही खाली जाऊ. तोटा आपल्याला सोसेल, त्याला सोसायचा नाही." मास्तर अजून वर्गावर असल्यासारखे कागदावर आकडेमोड करून दाखवत होते. चार महिन्यांत तू गुडघे टेकणार. मी मान डोलावली. तू हरशील, चिडशील आणि मुकाट आपल्या जुन्या कारखान्यात परत येशील, असा माझा हिशेब. भावाला घरी आणायचा हा रस्ता मला तेव्हा शहाणपणाचा वाटला.

तू टेकला नाहीस. उलट भांडायला आलास. काचेचं दार लाथेने फोडलंस, माझ्या मॅनेजरचं तोंड टेबलावर आपटलंस आणि मला म्हणालास, "तुझ्याच टाकीतल्या मिठाच्या पाण्यात तुला गोठवीन." मी तुझ्या कानाखाली वाजवली. अंगठीने ओठ फाटला. रक्त पुसत तू म्हणालास, "दर मात्र वाढणार नाही हं, ताई." मॅनेजर फरशीवर दात शोधत होता, आणि खरं सांगते, मला तुझं कौतुक वाटलं.

पाचव्या महिन्यात जाड्या म्हणाला, "दर पाडून पोरगं पडत नाही. आता यंत्र पाडू." मागच्या खिडकीतून घण घालून अमोनियाचा पाइप फोडायचा. तुझा कारखाना दोन महिने बंद आणि बोटी परत आमच्या. "पण माणूस मरायला नको, बाई. नाहीतर आपण सगळेच आत. तिथे कुणीच नसतं, असं कधी असतं?"

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी सांगितलं, एक ते दोन.

बाबांचा नियम. एक ते दोन कॉम्प्रेसर बंद, सगळी माणसं बाहेर. "यंत्रालाही जेवायची सुट्टी लागते," असं म्हणायचे. तू त्यांच्याच हाताखाली शिकलास. तू तो नियम मोडशील, हे माझ्या मनातही आलं नाही. तू ती सुट्टी केव्हाच काढून टाकली होतीस. आमच्या दरापुढे टिकायला रोज चाळीस लाद्या जास्त काढाव्या लागत होत्या. हे मला तुला हॉस्पिटलात नेल्यावर कळलं. आम्ही दर पाडला म्हणून तू सुट्टी काढलीस, आणि त्याच सुट्टीच्या भरवशावर मी वेळ दिली. मास्तरांच्या कागदावर हे कुठे नव्हतं.

त्या दिवशी एक वाजता कॉम्प्रेसर धडधडत होता, म्हणजे आत माणसं होती. आपल्या धंद्यातलं शेंबडं पोर थांबलं असतं. जाड्याने माणसं बाहेरून आणली होती. त्यांना तो आवाज कारखान्याचा वाटला, माणसांचा वाटला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर संपलं. तू न विचारलेलं एक राहिलंय. वहिनी, आधी पाणी पी.

क्रेनवाल्याला बगलेत धरून तू दारापर्यंत आणलंस. त्याच्या तोंडातून रक्ताचा फेस येत होता, तो फळ्या ओरबाडत होता, त्याची नखं अजून त्या लाकडात आहेत. तू खांदा निखळेपर्यंत धडका दिल्यास. दार फुगून अडकलं आणि शेवटच्या धडकेने उघडलं, असं तू कारखाना-इन्स्पेक्टरला सांगितलंस. तसं नव्हतं. बाहेरून कडी होती. धडका ऐकून पाइप फोडणाऱ्यांतला एक परत फिरला, कडी काढून पळाला, म्हणून तू जिवंत आहेस.

कडी लावायला मी सांगितलं होतं. "रस्त्यावरचं कुणी चुकून गॅसमध्ये जायला नको," असं मीच म्हणाले होते. माणूस मरू नये म्हणून.

गुरुवारी चौकशी आहे. काल मास्तर एक कागद घेऊन आले. तू यंत्राला विसावा दिला नाहीस म्हणून पाइप फुटला, असं आम्ही तिघांनी लिहून द्यायचं. क्रेनवाल्याचं मरण तुझ्या माथी, कारखान्याला सील, आणि धक्क्यावर पुन्हा तिघंच. मी पेन उचललं नाही. मास्तरांनी शांतपणे कागदाची घडी घातली. "बाई, धक्क्यावर तीन पुरतात. दोनही पुरतील."

पहाटे माझी गाडी जळाली. मॅनेजर विझवायला धावला, तर जाळणाऱ्यांनी त्याचा हात कोपरातून मोडला. त्याला डॉक्टरकडे सोडून मी तशीच इन्स्पेक्टरसमोर जाऊन बसले आणि सगळं लिहून दिलं. वेळ, कडी, ऑफिसात कोण कोण बसलं होतं ते. पहिलं नाव माझं. आता तू गुरुवारी फक्त खरं सांग, तुझ्यावर काही येणार नाही.

माणसांना घरी पाठवलंय. मी ऑफिसात आहे. इन्स्पेक्टरने माझा जबाब पोलिसांकडे पाठवलाय, मला न्यायला ते यायचे आहेत. जाड्याची माणसंही समोर चहा पीत उभी आहेत. कोण आधी रस्ता ओलांडतं, ते बघायचं.

माफी मागत नाही. लिहिली तर ती वहिनीला मोठ्याने वाचावी लागेल, आणि माझ्या वतीने तिने तुझ्यापुढे हात जोडावेत, एवढी माझी लायकी नाही.

तुझ्या दाराला कडी घालणारी,
ताई