यादीतलं पहिलं नाव

सावदा,
दि. १८ नोव्हेंबर २०२५

समाधान भाऊ,

सप्रेम जयभीम. सपना वहिनीलाही सांग. आई बरी आहे, गुडघे सोडून. आक्काआत्या आठ दिवसांसाठी राहायला आली आहे, त्यामुळे घरात टीव्ही लावायची गरज पडत नाही.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला की तू 'क्लासवर आहे' म्हणतोस, मेसेजला अंगठा पाठवतोस. म्हणून स्पीड पोस्टाने, रजिस्टर करून पाठवतेय. सही करून घ्यावंच लागेल.

आधी बातमी. जिंकले मी! रविवारी जळगावला आपल्या फोनवरच्या मोटार-पंप मंचाचा मेळावा झाला. तू तब्येतीचं कळवून आला नाहीस, पण हॉल गच्च भरला होता. ठराव मंजूर झाला: यापुढे मंचावर कोणाचं लिहिणं बंद केलं, तर त्याचं नाव, कारण आणि मुदत सगळ्यांना दिसेल अशा यादीत लागणार, आणि शेजारी त्या माणसाचं उत्तर. सत्त्याण्णव हात वर, एकतीस विरोधात. जीवराम नानांनी दोन्ही हात वर केले, तेव्हा अध्यक्ष पंडित सर म्हणाले, "नाना, मत एकच धरतो." सगळा हॉल हसला.

नानांचं नाव आलंच आहे तर ते सांगूनच टाकते, नाहीतर पत्र संपेपर्यंत टाळत बसेन.

माझ्या वाइंडिंगच्या दुकानातली पहिली मोटार नानांची, हे तुला माहीत आहे. बाई मोटारीत तार भरते म्हणून लोक नुसते बघून जायचे, तेव्हा केळीचा एवढा मोठा बागायतदार आपली जळालेली मोटार घेऊन आला होता. त्या माणसाला मी ऑक्टोबरच्या शेवटी भर बाजारात, दहा लोकांसमोर बोलले, "आमच्या हातची मोटार चालते, आमचं लिहिलेलं चालत नाही का, नाना?" नानांनी मान खाली घातली आणि गेले. मला त्या दिवशी वाटलं, बरी खोड मोडली. भाऊ, आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

का बोलले ते ऐक. ऑगस्टपासून मंचावर मला कोणी उत्तर देईना. मी रोज लिहायचे: अमुक मोटारीला बेअरिंग बघा, तमुक स्टार्टर बदला. कोणी हूं की चूं नाही. नानांनी मोटार गरम होते म्हणून विचारलं, मी नीट सविस्तर सांगितलं, आणि ते भलत्याच्याच सल्ल्याने गेले. मोटार जळाली. वर मंचावर विचारतात, 'प्रज्ञा कुठे गेली?' मी खाली लिहिलं, 'इथेच आहे नाना.' चार दिवसांनी पुन्हा तेच, 'प्रज्ञा दिसत नाही?' मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. आणि मग, आपल्या माणसाला जे कारण सगळ्यात आधी सुचतं, तेच मला सुचलं. ते सुचायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी नाना स्वतः दुकानात आले. बसले नाहीत. म्हणाले, "पोरी, मी तुले दोन डाव इचारलं. तूच बोलत नव्हती. म्हटलं रुसली असंल. दाखव बरं, तू काय लिवलं ते." मी माझा फोन काढला, त्यांनी त्यांचा. दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवले. एकच पान. माझ्या फोनवर त्यांच्या प्रश्नाखाली माझं बारा ओळींचं उत्तर. त्यांच्या फोनवर काहीच नाही.

माणसाला काढायचं नाही, फक्त त्याचं लिहिलेलं त्याच्याशिवाय कोणालाच दिसू द्यायचं नाही, अशी एक सोय मंचावर आहे. अडीच महिने मी भिंतीशी बोलत होते, भाऊ.

मेळाव्यात आपला मंच सांभाळणारा चंदन उभा राहिला. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. "नाव जाहीर करणं म्हणजे वाळीत टाकणंच झालं. उद्या त्याच्या दुकानात गिऱ्हाईक जाणार नाही. गुपचूप बंद करण्यात माणसाची अब्रू तरी राहते." बऱ्याच माना डोलल्या. माझं पाठ केलेलं भाषण मी त्या क्षणी विसरले. मग मी आक्काआत्याने आदल्या दिवशी सांगितलेलं सांगितलं, तिच्याच शब्दांत: "आमाले वाळीत टाकलं ते कोनी सांगलंच नाही. दुकानदार म्हने, मीठ संपलं. आठ दिवस आमाले वाटे, गावातलंच मीठ संपलं. तोंडावर सांगलं असतं त तोंड देलं असतं."

मी चंदनला म्हटलं, "वाळीत टाकणं गुपचूपच असतं रे. म्हणून तर कारण लिहायचं, मुदत लिहायची, आणि त्याला उत्तर द्यायला जागा ठेवायची." मग सगळ्यांसमोर नानांकडे वळून हात जोडले आणि माफी मागितली, कारण बोललेही सगळ्यांसमोरच होते. नाना म्हणाले, "बस झालं व माय, माही दुसरी मोटार कधी भरून देशील ते सांग." टाळ्या अशा पडल्या की मला खाली बसावं लागलं.

आता राहिलेलं.

पंडित सरांनी माझी बंदी उठवली तेव्हा नोंद काढून दाखवली. मला बंद केलं ती तारीख अकरा ऑगस्ट. कोणी केलं ते त्यात येत नाही. ही सोय वापरायच्या चाव्या तिघांकडे. पंडित सरांचं त्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन, डोळ्यावर पट्टी. चंदनला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही. तिसऱ्याचं नाव मी लिहीत नाही, पाकिटावर लिहिलंच आहे.

अकरा ऑगस्टला संध्याकाळी तू फोन केला होतास. महिन्याभराने. "जेवलीस का" विचारलंस, मग उगाच "दुकान लवकर बंद करत जा" म्हणालास. त्याच्या दोनच दिवस आधी मी तांब्याच्या नावाखाली विकलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेचा फोटो टाकला होता, खरवडून. तो तारवाला तुझ्याकडे धुळ्याला आला होता ना? 'बहिणीला आवरा' म्हणाला असेल. तू घाबरलास. माझ्यासाठी घाबरलास, एवढं मला कळतं. पण मला न विचारता घाबरलास. आणि माझ्या तोंडावर हात ठेवलास तो असा की मला हातही दिसू नये.

राग आहे. खोटं कशाला बोलू? पण तो घेऊन बसायला आज मला वेळ नाही, सकाळपासून दुकानात चार मोटारी आल्या आहेत.

नव्या यादीत पहिलं नाव माझं लावा, असं मी मेळाव्यातच सांगितलं. सर म्हणाले, "अगं, तुझी बंदी तर उठली." मी म्हटलं, उठली म्हणजे झालीच नव्हती असं होत नाही. काल नाव लागलं: प्रज्ञा, सावदा, ११ ऑगस्ट ते २७ ऑक्टोबर. कारणाची जागा रिकामी आहे. सर 'अज्ञात' लिहीत होते, मी लिहू दिलं नाही. ते तू लिही, तुझ्या नावाने. 'बहिणीची काळजी वाटली' असं लिहिलंस तरी चालेल, खरं असलं म्हणजे झालं. मंचावरचे अकराशे लोक वाचतील. वाचू देत.

शेजारच्या रकान्यात माझं उत्तर लिहून झालंय. चारच शब्द आहेत: 'मी घाबरले नव्हते, भाऊ.'

तुझीच, आणि आता सगळ्यांना दिसणारी,
प्रज्ञा