झोळीतली पाव्हणी

इचलकरंजी,
ता. ९ जून १९८६

अण्णा, पुन्हा तेच! बिरू मेंढरं राखायला लाजला, बिरू सिनेमाच्या नादानं पळाला. किती पत्रांत हेच लिहून घेणार? महांतप्पांच्या दुकानातली शाई तरी वाचवा.

असो. तुम्हाला आणि वैनीला दंडवत. मी बरा हाय. तीन महिन्यांत तीन मालक झाले, हे खरं. एका जागी जीव थाऱ्यावर राहत न्हाय. यंत्रमागाच्या खडखडाटात कुणाचं बोललेलं ऐकू येत न्हाय, ते मात्र बरं वाटतं. सोसायटीच्या डेपोवर चारा मिळतो का अजून?

तुमच्या पत्रातली एक गोष्ट गळ्याखाली उतरंना. सुमनबाई नर्स गोरोबाला डोळ्यांचं औषध पाजायला वस्तीवर आली, अन् तुम्ही तिच्यावर कुत्रं सोडलं. 'आमच्या चांगुणाला वगळून तिचा डोळा घालवला, आता धाकट्याला हात लावायचा न्हाय,' असं म्हणाला.

महांतप्पा, तुम्ही हे वाचून दाखवताय. इथं जरा थांबा, वैनीला पाणी आणायला पाठवा.

न्हाय, नको. बसू द्या तिला.

अण्णा, गेल्या दिवाळीच्या आधी नर्सबाई आली, तवा तुम्ही दोघं तान्ह्या गोरोबाला घेऊन मेंढरांमागं गेला होता. वस्तीवर मी, शेजारच्या दगडोबाची पोरं, अन् झोळीत झोपलेली चांगुणा. नर्सबाईनं वही काढली.

"पाचाच्या आतली लेकरं किती?"

आपल्यात घरची मेंढरं मोजून सांगत न्हाईत, नजर लागती. घरची लेकरं तर न्हाईच न्हाईत. तुम्हीच शिकवलेलं.

"दगडोबाची दोन," म्या म्हटलं.

"आणि झोळीत?"

"ती पाव्हणी हाय, उमरग्याची. तिकडंच पाजतील तिला."

"पाव्हणीचं नाक तुझ्यासारखं कसं रे?" ती हसली. मग म्हणाली, "हे बघ, एका लेकराचं औषध चहाच्या कपाहून स्वस्त. महाग पडतं ते माझं चालणं. माकणीहून हा माळ चढायला अख्खा दिवस जातो. सहा महिने पुन्हा येणं होणार नाही. खरं सांग."

"खरंच सांगतोय, बाई."

बाटली तिच्या पिशवीतच होती, झोळीपासून दोन हातांवर. दगडोबाच्या दोघांना चमचा चमचा पाजला अन् ती उतरून गेली.

पुढं दुष्काळ. शेवग्याचा पालासुद्धा दिसंना. नुसती भाकर अन् चटणी. दिवेलागणीला चांगुणा भाकरीसाठी जमीन चाचपायची, अन् मी हसायचो, 'आंधळी कोशिंबीर खेळतीया' म्हणायचो. मग गोवर निघाला अन् उजव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं. उमरग्याच्या डॉक्टरनं विचारलं, "दर सहा महिन्यांचं औषध पाजलं होतं का?" तुम्ही नर्सबाईला शिव्या दिल्या. मी तुमच्या मागंच उभा होतो.

आठव्या दिवशी एस्टीत बसलो. सिनेमासाठी न्हाय, अण्णा. ती मान तिरकी करून एका डोळ्यानं मला बघायची अन् 'काका' म्हणून हसायची. ते बघवंना.

आता तुमच्या पाया पडतो, राग माझ्यावर काढा. नर्सबाईचा दोष न्हाय. कुत्रं सोडल्यावर ती माळ चढायची न्हाय, तवा तुम्हीच लेकरं घेऊन माकणीच्या दवाखान्यात जावा. गोरोबाला वरीस भरलंय. चांगुणाचा डावा डोळा अजून हाय. औषधाला पैसा पडत न्हाय, जाण्याला पडतो. दुष्काळी कामावर तुम्हा दोघांचा एक खाडा, अन् जीपचं भाडं. ते माझ्याकडं.

अन् ती 'किती लेकरं' विचारंल, तवा मान खाली घालू नका. मीच इथं मोजून लिहितो, नजर लागायची ती माझ्या हाताला लागू दे. माझ्या अण्णाच्या, गुंडाप्पाच्या घरात लेकरं दोन. चांगुणा अन् गोरोबा.

चांगुणानं मला अजून काका म्हणावं का, ते वैनीनं ठरवावं.

तुमचा म्हणवत न्हाय, पण तुमचाच
बिरू

मनिऑर्डर केली, रुपये चौतीस.