लीफेनच्या लेकीची दुलई

पिरोत, २४ सप्टेंबर

ताई,

धाकट्या रदुंकाचा नमस्कार. तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि तुझा नवरा हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. मी बरी आहे. दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून कोण गेलं असेल या विचारानं तू पाकीट टराटरा फाडलं असशील (मी तुला ओळखते), म्हणून आधीच सांगते, कोणीही गेलेलं नाही. माझा मिओद्राग गेल्यावर त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तू सगळ्यांदेखत माझ्या सूपमध्ये मीठ नाही म्हणालीस, तेही मी विसरलेले नाही. पण हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र एका दुलईबद्दल आहे.

आमच्या चौकातली चिनी दुकानवाली लीफेन तुला आठवत असेल. बावीस वर्षांपूर्वी मी तिच्याकडे उसवलेल्या सपाता परत करायला गेले, भांडून आले, आणि दुसऱ्या दिवशी ती नवी जोडी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. तेव्हापासून आमचं सुरू आहे. मिओद्राग अकरा आठवडे इस्पितळात होता तेव्हा ही बाई रोज दुपारी दुकानाला कुलूप लावून त्याच्याशी पत्ते खेळायला यायची (आणि हरवायची, मरणाऱ्या माणसाला सुद्धा सूट द्यायची नाही, म्हणून तर तो तिची वाट बघायचा). तिची लेक सान्या माझ्या स्वयंपाकघरात अभ्यास करून मोठी झाली. आता नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सान्याचं अग्निशमन दलातल्या एका मुलाशी लग्न आहे. मुलाकडे चार मावश्या आहेत, चौघींचे भरतकामाचे पेटारे तयार आहेत. लीफेनकडून कोणीच नाही. तिची आई वसंतात गेली, हिला जाताही आलं नाही. एकदा छत्र्या टांगता टांगता ती एवढंच म्हणाली, "आमच्याकडे लग्नाची दुलई घरच्या बायका शिवतात," आणि पुन्हा छत्र्यांकडे वळली. मी तिथल्या तिथे ठरवलं की ही दुलई आपण शिवायची. आपल्याला दुलई शिवता येत नाही हे मला बसस्टॉपपर्यंत आल्यावर आठवलं.

पण आई शिवायची तेव्हा आपण दोघी बघत होतोच की. (तू बघत होतीस. मी खाली शिरून झोपत होते.) डोंगरावरच्या एका मेंढपाळाकडून लोकर घेतली ती त्यानं धुतलेली म्हणून दिली, पण मेंढीला तसं कोणी कळवलेलं नसावं. बाथटबमध्ये चार पाणी काढली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त कर्नलनं वर येऊन अगदी अदबीनं विचारलं, "बाई, घरात एडका आहे का? कायद्यानं चालत नाही म्हणून विचारतो." वाळत घालायला जागा नाही, म्हणून लोकर बाल्कनीत पसरून वर मिओद्रागचं मासे धरायचं जाळं टाकलं. वारा सुटला आणि जाळ्यासकट सगळं कर्नलच्या बाल्कनीत उतरलं. तो खाली कॉफी पीत बसला होता. त्यानं ती लोकर चिमटीनं वेचून, पोत्यात भरून, पावतीवर माझी सही घेऊन परत केली. पिंजून आणली तेव्हा सहा किलो भरली. आईचं म्हणणं तुला ठाऊक आहे, जिच्याखाली माणसाला कूस बदलता येते ती दुलई नव्हे.

राहिलं लाल साटीन. गावात लाल साटीन फक्त लीफेनच्या दुकानात मिळतं. म्हणजे जिला गुपचूप भेट द्यायची तिच्याकडूनच कापड आणायचं. ती साडेसहा मीटर मोजता मोजता म्हणाली, "एवढं कशाला गं?" मी म्हटलं, पडदे. "कुठले?" झोपायच्या खोलीचे, माझ्या तोंडून निघून गेलं. तिनं कात्री खाली ठेवली. "रदुंका, एकट्या बाईच्या झोपायच्या खोलीला लाल साटीनचे पडदे. ट्रकवाले थांबतील खाली." तरी कापड दिलं. मला वाटलं, सुटले.

मग तीन आठवडे जेवायचं टेबल उघडून त्यावर दुलई, आणि मी उभी. एका बाजूनं सुई घालायची, वळसा घालून पलीकडे जायचं, ओढायची, परत यायचं. (आई या बाजूला बसायची आणि तू त्या बाजूला. मला आता कळलं का ते.) असे टाक्यांचे नऊ गुलाब उठवले. सहावा कोबीसारखा झाला आहे, पण अंधारात दिसणार नाही. नववा संपत आला आणि दारावरची बेल वाजली. लीफेन, हातात मोजपट्टी. "पडदे तू वाकडे शिवशील हे मला माहीत आहे, म्हणून खिडकी मापायला आले," म्हणत ती सरळ आत.

ताई, ती बघतच राहिली. जवळ गेली, हात फिरवला, एक कोपरा उचलून पाहिला. "आत कोणी झोपलंय का?" मी म्हटलं, लोकर आहे, सहा किलो. "पोरीला नवऱ्यापासून पळून जाता येणार नाही एवढं नक्की," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही लागले. मग डोळे पुसून ती गुलाब मोजायला लागली. बोटानं मोजले, पुन्हा मोजले, कड उचलून खाली पाहिलं.

"दहावा कुठे आहे?"

"दहावा कशाला? नऊच."

"दोरा संपला असेल तर दुकानातून आणते."

मी म्हटलं, बाई, बावीस वर्षं राहिलीस इथे, फुलं विषम न्यायची हे तुला कोणी शिकवलं नाही? सम फुलं आम्ही थडग्यावर ठेवतो. दहा गुलाब घातले तर मी सान्याला जिवंतपणी पुरेन. ती म्हणाली, "आणि आमच्यात एकटं उरलेलं अशुभ. लग्नात सगळं जोडीनं. नऊ म्हणजे एक गुलाब कायमचा एकटा. तो कोण, सान्या की तिचा नवरा?" दोघींपैकी कोणी हटेना. मी चिडून कॉफी उतू घालवली. ती जायला निघाली, चपला घातल्या, आणि मला वाटलं की बावीस वर्षं एका गुलाबापायी गेली. मी दुलईची घडी घालायला घेतली. एकटीला घालता येईना, म्हणून ती चपला काढून परत आली आणि दुसरी टोकं धरली.

घडी घालता घालता तीच म्हणाली, "आमच्याकडे लग्नाला दुलया दोन देतात." मी थांबले. ती थांबली. दोन दुलया, प्रत्येकीवर नऊ गुलाब. एकेक दुलई माझ्या हिशेबानं जिवंत माणसाची आणि दोन्ही मिळून अठरा, तिच्या हिशेबानं जोडी. अठरा तर फारच चांगला आकडा, म्हणाली. आम्ही एकेक पेला प्लमची दारू घेतली, मग दुसरा (जोडीसाठी), मग तिसरा (विषमसाठी).

तेव्हा आता दुसरी दुलई सुरू करते आहे. दिवस कमी आहेत पण होईल असं मला मनापासून वाटतं. तुला सहज कळवलं. काही नको आहे. तिहोमीरला आणि मुलांना नमस्कार.

तुझी,
रदुंका

ता. क. मेंढपाळाकडची लोकर संपली. तुझ्या माळ्यावर आईच्या गादीची लोकर आहे, तीन पोती, धुतलेली. मागत नाही. आहे एवढंच म्हणते.

आणखी एक. लीफेन त्या दिवशी बोलून गेली की त्यांच्याकडे लग्नाची दुलई सवाष्ण बाई शिवते. नवरा जिवंत हवा, पदरी मुलगा हवा आणि मुलगीही हवी. म्हणजे मी बाद. आपल्या घरात अशी तू एकच आहेस. तिहोमीर जिवंत आहे याचा कोणालातरी उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा संधी दवडू नये. शनिवारची सव्वादहाची बस निशहून थेट येते.

शेवटचं, आणि हे खरं. सवाष्णीची अट लीफेननं सांगितली, पण त्याच दमात असंही म्हणाली की माझ्या लेकीची दुलई तूच शिवायची, तू नाही तर कोणीच नाही. मी तीनदा विचारलं, तीनदा तेच. म्हणजे तुझी तशी गरज नाही. पण बहीण येते आहे असं मी तिला कालच सांगून बसले, आणि आज सकाळी ती दुकानातली चांगली खुर्ची आणून टेबलाच्या पलीकडे, सुई ओढायच्या बाजूला मांडून गेली. मी ती दोनदा उचलून ठेवायला गेले. अजून तिथेच आहे.