बारा नंबर हजर

१५ मार्च २०२१

आले एकदाची! नागापूरहून दादांनी मोटारसायकलवर आणून सोडलं आणि फाटकाशी मास्क वर करून डोळे पुसत बसले, जणू मला सासरी धाडताहेत. खरं तर सासर टाळायलाच मी पोलिसात आलेय. वर्दी घालून परतले तर लग्न माझ्या मर्जीनं, नाहीतर जालन्याचा रॉबिन आहेच, असं घरात ठरलंय. रॉबिनपेक्षा मला कवायत बरी.

नेहमीचं प्रशिक्षण केंद्र कोविड सेंटर झालंय, म्हणून आम्हा मुलींची सोय एका बंद साखर कारखान्याच्या कॉलनीत केलीय. मळीचा आंबूस वास अजून जात नाही. आमच्या स्क्वॉडची पुढारी सुवर्णा, पारनेरची; ओरडली की झाडावरचे कावळे उडतात. यादीत माझं नाव प्रार्थना, नंबर अकरा. शेजारी, रांगेच्या टोकाला, बारा नंबर हिरा, भंडारदऱ्याकडची. एवढीशी आहे, पण पळायला लागली की कुणाला सापडत नाही. बोलतानाही हसते. मला ती फार आवडली.

२० मार्च

इथला कायदा असा की चूक एकीची आणि रगडा सगळ्यांना. काल एकीच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली, तर आम्ही सगळ्या कोपरांवर मैदानभर सरपटलो. कवायत शिकवणारे गहिनीनाथ उस्ताद म्हणतात, स्क्वॉड म्हणजे एकच अंग. कोपरं सोलून निघालीत, पण मजा येतेय, खोटं कशाला लिहू.

सकाळी गिनती होते, प्रत्येकीनं आपापला नंबर ओरडायचा. एकीपासून दुसरी दोन मीटर लांब, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. कोण बोललं ते दिसत नाही, नुसते आकडे ऐकू येतात. उस्तादांना कोरोनाची भारी धास्ती, ते लांब ओट्यावर पाठमोरे उभे राहून ऐकतात.

२९ मार्च

पलीकडच्या स्क्वॉडमध्ये दोघी पॉझिटिव्ह निघाल्या. त्या दोघी दवाखान्यात आणि बाकीचा अख्खा स्क्वॉड गाडीत घालून घरी. त्यांचं प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून, कधी ते देवालाच ठाऊक. पोरी हुंदके देत ट्रंका ओढत होत्या आणि आम्ही खिडकीतून बघत होतो. मला दया आली नाही. आपण सुटलो, एवढंच वाटलं.

निम्मे उस्ताद बंदोबस्तावर गेलेत. ताप मोजायची बंदूक आता सुवर्णाच्या हाती दिलीय. ती मोजते आणि ती सांगते तेच वर जातं.

३ एप्रिल

हिराला ताप आलाय. ती म्हणाली, उस्तादांना सांगा, मला दवाखान्यात न्या. सुवर्णा म्हणाली, "गप ऱ्हा. तुझ्यापायी आमी समद्यांनी घरी जायचं व्हय?" मग तिनं हात वर करायला सांगितले. सगळ्यांचे हात वर झाले. माझाही झाला, हिराकडे न बघता.

कॉलनीमागच्या बारदानाच्या खोलीत रिकाम्या गोण्यांवर तिची गादी टाकली. तापाच्या गोळ्या दिल्या, पाण्याची कळशी ठेवली आणि बाहेरून कडी घातली. लई झालं तर चार दिवस, असं सुवर्णा म्हणते. हिराच्या गावाला रेंज नाही, रविवारी मोबाईल हातात मिळतात तेव्हाही तिला कुणाचा फोन येत नाही. गिनतीला तिचा आकडाही मीच म्हणायचा, आवाज बारीक करून.

४ एप्रिल

जमलं! अकरा जाड, बारा बारीक. उस्तादांनी मानसुद्धा वळवली नाही. नंतर पोरी हसून लोळल्या. आज ईस्टर. मोबाईल मिळाले तेव्हा आईला सांगितलं, छान चाललंय.

६ एप्रिल

ती सारखं दार वाजवते. भाकरी खिडकीतून टाकायची पाळी माझी होती. आतून म्हणाली, प्रार्थना, दम पुरत नाही गं. मी म्हणाले, दोनच दिवस कळ काढ. मग पळत येऊन साबणानं हात धुतले. तिला मी शिवलेही नव्हते.

८ एप्रिल

दार वाजायचं थांबलं. सुवर्णा म्हणते, उतार पडला असंल, झोपली असंल. कालची भाकरी खिडकीत तशीच आहे. कुणी आत डोकावलं नाही. मीही नाही.

१० एप्रिल

अकरा म्हणाले आणि खोकल्याची उबळ आली. बारा म्हणताच आलं नाही.

पण बारा ऐकू आला. शेजारच्या रिकाम्या जागेतून. बारीक, हसरा.

उस्ताद म्हणाले, शाबास बारा नंबर. पोरींना वाटतंय मीच म्हटलं.

११ एप्रिल

सुवर्णाला सगळं सांगितलं. तिनं कडी काढली.

हिरा दाराला टेकून बसलेली. कधीची गेलेली. दाराच्या आतल्या बाजूला नखांनी—नाही लिहवत.

सुवर्णानं पायानं तिला कोपऱ्यात सरकवलं, वर गोण्या टाकल्या. म्हणाली, मोठे साहेब तपासणीला येणारेत, ते होऊन जाऊ दे, मग बघू. मळीच्या वासात ह्यो वास कुनाला कळतोय. पुन्हा हात वर करायला लावले.

मी केला. देवा, मी पुन्हा केला.

१३ एप्रिल

मी आता अकरा म्हणून तोंड मिटते. बारा येतोच. रोज जरा जवळून.

आज मास्कच्या आत, माझ्या गालाशी गार—

१४ एप्रिल

अंग फणफणलंय. सुवर्णानं कपाळाला बंदूक लावली. आकडा बघून पोरींकडे वळली.

हात वर. सगळ्यांचे. माझ्याकडे न बघता.

उस्तादांना सांगते म्हणून ओरडले, तर तोंडात मोजा कोंबला. दहा नंबरचीनं माझे पाय धरले होते. कालच मी तिचे केस विंचरले—

१५ एप्रिल

बारदानाची खोली. वही-पेन्सिल शर्टात राहिली म्हणून लिहितेय. हाक मारायला घसाच नाही. नुसती शिट्टी निघते.

कोपऱ्यात बघत नाही. बघायचं नाही.

मैदानावर गिनती चाललीय. आठ. नऊ. दहा. अकरा—तेही दहा नंबरचीनंच म्हटलं. छान काढला माझा आवाज.

पुढं कुणीच नाही. बारा आपोआप येतो म्हणून सुवर्णानं तो कुणाला दिलाच नसणार. बारा आला नाही.

उस्ताद ओरडताहेत. बारा नंबर कुठाय? सगळ्या गप्प. एक जण कमी, म्हणजे शोधतील—कॉलनी धुंडाळतील, दार उघडतील—या, लवकर या—

गोणी सरकली.

नको. हिरा, नको गं. आज गप्प राहा. एकदाच. ते येताहेत, मला—

उठून बसलीय. तोंड उघडतेय, खिडकीकडं करून. हसून. मोठ्यानं—

बा