डाव्या खांद्याचं माप

९ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. काल संग्रहालयाची माणसं मावशीचा हार न्यायला आली आणि त्यांच्यातल्या एकीनं मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर तुला फोनवर सांगणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र. बाकी आम्ही ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, मी त्याला कुरकुरू देते.

दोघं आली होती. साहेब पांढरे हातमोजे घालून. मी म्हटलं, "सव्वीस वर्षं फडक्यानं पुसतेय मी. अजून तरी त्यानं तक्रार केलेली नाही." साहेब हसले नाहीत. सोबतची तिशीतली मुलगी हसली. ती दागिने घडवते आणि कॉलेजात तेच शिकवते. मावशी मुळात कपड्यांची डिझायनर, पन्नाशीनंतर दागिन्यांकडे वळली, हे सगळं तिला माझ्याहून नीट पाठ.

"आमच्याकडे पहिल्याच वर्षी सांगतात," ती म्हणाली, "दागिना आधी कापडात बेता, टाचण्या लावून बघा, मग सोन्याला हात लावा. मागची बाजू पुढच्याइतकीच साफ करा, कारण कातडीला तीच लागते. हे सगळं तुमच्या मावशींचं. आज गळ्यालगत बसणारा जो हार तुम्ही दुकानात बघता ना, तो यांच्याच हाराचं नातवंड."

मी उभीच राहिले. वीस वर्षं तिच्या कार्यशाळेत मी गिऱ्हाइकं सांभाळली, कारागिरांवर ओरडले, जमिनीवरच्या टाचण्या वेचल्या. आपण कशाच्या टाचण्या वेचतोय, ते मला काल कळलं.

मुलीनं हार सोबत आणलेल्या पुतळ्याच्या गळ्यात घातला. तो नेहमीसारखा तिरका बसला. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "शेवटी शेवटी मावशीचा हात चुकायला लागला होता."

मुलगी हारावर वाकली. सोन्याच्या त्या बारीक पट्ट्या, कापडाच्या चुण्यांसारख्या एकीवर एक चढलेल्या, तिनं बोटानं मोजल्या. डावीकडच्या जरा लांब निघाल्या. मग तिनं रुमालाची घडी करून पुतळ्याच्या उजव्या खांद्यावर ठेवली आणि हार पुन्हा घातला.

धाकटे, तो बसला. एकही पट्टी उचललेली नाही. खाली गेलेला डावा खांदा उणा दिसेना. सगळा हार तिकडेच वाहत चालला होता, आणि उजवाच खांदा उगीच वर काढल्यासारखा वाटत होता. साहेबांनी हातमोजे काढले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ही चूक नाही, बाई. माप आहे," मुलगी म्हणाली. "कुणाचं?"

मी म्हटलं, "आठवत नाही." ती माणसं शनिवारी परत येणार आहेत.

मला सगळं आठवतं. लहानपणी तुझ्या डाव्या खांद्याचं हाड मोडून वाकडं जुळलं आणि आई तुझ्या प्रत्येक झग्याला डावीकडे पॅड शिवू लागली. मावशी यायची आणि कात्रीनं ते उसवायची. "खांद्यानं कपड्याचं ऐकायचं नाही, कपड्यानं खांद्याचं ऐकायचं." आई चिडायची.

शेवटच्या आठवड्यात मावशीनं डबी माझ्या हातात दिली. "धाकटीची आहे. तुझ्या हातानं दे." मला स्वच्छ ऐकू आलं. ती गेल्यावर तू विचारलंस, "ताई, माझ्यासाठी काही म्हणाली का गं?" मी म्हटलं, "नाही. हार मला दिलाय." त्यानंतर तू या घरात पाऊल टाकलं नाहीस, आणि मी चार लोकांत सांगत सुटले की धाकटी हावरट निघाली.

पुढच्याच वर्षी मी तो सरळ करायला सराफाकडे नेला. त्यानं उलटसुलट पाहून परत केला. "बाई, हार सरळच आहे. गळा दुसरा आणा." तरीही मी चारचौघांत तो घालत राहिले.

वीस वर्षांत तिनं माझं माप एकदाही घेतलं नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. खरं आहे, म्हणून लिहिलं.

काल रात्रभर मी एकाच गोष्टीचा विचार केला. तुला मापासाठी बोलावलं असतं तर मला कळलं असतं. दारावर मीच असायची. म्हणजे तिनं ते नुसतं डोळ्यांनी घेतलं होतं, तू जाता-येता. माणसाकडे इतकं नीट बघता येतं? मी तर सख्खी बहीण.

हार संग्रहालयाला द्यायचा की नाही, तू ठरव. दिलास तर पाटीवर तुझं नाव घालायला लाव. त्यांनी माझं लिहून आणलं होतं, ते मी खोडलं. नाही दिलास तर घाल. पॅड काढून घाल.

माफी मागते. उत्तराची सक्ती नाही.

तुझ्याशी खोटं बोललेली,
ताई

ता. क. आज सकाळी साडेनऊला तुझ्या लेकीला बोलावून तिच्या हाती दिलं ते असं: सोन्याचा हार, एक, एकोणचाळीस पट्ट्यांचा, डबीसह. त्याचाच मांजरपाटातला कच्चा नमुना, एक. टाचण्या लावलेल्या तशाच आहेत, जपून उघडावा. नमुन्यावर पेन्सिलीनं "धाकटी, डावा खांदा" असं लिहिलं आहे, अक्षर मावशीचं. लेकीनं पट्ट्या मोजून घेतल्या आणि सही केली. देणारी: थोरली भाची. मालकीण: धाकटी.