उपडा तांब्या

रविवार, संध्याकाळ. आकुर्डी.

हॉलमधला फायकस आज कुंडीतून काढला. पानं रोज गळत होती, म्हणून चऱ्होलीहून सासूबाई आल्या. कुंडी फोडावीच लागली. आत माती उरलीच नव्हती, नुसता मुळांचा गठ्ठा. सासूबाई म्हणाल्या, "छाट बिनधास्त. चीक आला तर जीव हाय त्यात."

छाटत गेले. चीक आला नाही. मुळं सुतळीसारखी कोरडी तुटत होती.

"पानी घालत न्हवतीस का गं?"

मी पुढचं मूळ कापायला घेतलं. हे होते तेव्हा माझी शिफ्ट सकाळची, यांची रात्रीची. दोघांनी दोनदा पाणी घालून झाड कुजू नये म्हणून मी पाणी घातलं की तांब्या कुंडीशेजारी उपडा ठेवून कामावर जायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे हे कंपनीतून आले की तो सरळ करायचे. म्हणजे आज पुन्हा घालायचं.

हे गेले. तांब्या उपडाच राहिला. येता-जाता दिसायचा आणि वाटायचं, पाणी घालून झालंय. कोणी घातलं, हा प्रश्न एकदाही का पडला नाही मला?

शेवटचं जाड मूळ कापलं. तेही कोरडंच.

"आला का चीक?" सासूबाईंना आता नीट दिसत नाही. लेक गेल्यापासून कुणाला काही विचारतही नाहीत त्या. आज विचारलं ते या झाडाचंच.

"आला," म्हणाले.

नव्या कुंडीत लावलं, पाणी घातलं. त्या गेल्यावर बघते तर तांब्या उपडा. माझ्याच हातानं ठेवलेला.